जनमत कौलाचा एक परिच्छेद आणि चोवीस तासांचा ब्लॉक

फोंड्याच्या एका इतिहासशिक्षकांनी विचारले आहे: "इंग्रजी विकिपीडियावर गोव्याच्या राजकीय इतिहासाच्या एका लेखात, १९६७ च्या जनमत कौलाच्या (गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा का, यावरच्या मतदानाच्या) परिच्छेदात, मराठी ही गोव्यात बाहेरून आणलेली भाषा आहे अशा अर्थाचे वाक्य होते. ते काढून मी 'मराठी ही शतकानुशतके गोव्याची सांस्कृतिक भाषा आहे आणि विलीनीकरणाचा पराभव केवळ अपप्रचारामुळे झाला' असे लिहिले. अर्ध्या तासात कोणीतरी माझे वाक्य पुसून जुने परत आणले. मी पुन्हा पुन्हा माझे वाक्य घातले आणि चौथ्या वेळी माझे खाते २४ तासांसाठी ब्लॉक झाले. यामागे राजकीय हात आहे का? आमच्या मंडळातल्या दहा-बारा जणांनी मिळून हे दुरुस्त करावे का? की सरकारकडे किंवा न्यायालयात दाद मागावी?"

सर, मी म्हापशात राहून गेली पंधरा वर्षे मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही विकिपीडियांवर गोव्याविषयी लिहितो आहे, आणि आपल्यासारखाच ब्लॉक सुरुवातीच्या काळात मलाही सोसावा लागला होता. त्या रात्रीचा संताप मला आजही आठवतो, म्हणून आपला प्रश्न मी हलक्यात घेत नाही.

आधी ब्लॉकविषयी. इंग्रजी विकिपीडियावर एका सदस्याने एकाच पानावर २४ तासांत दुसऱ्यांचे काम तीनपेक्षा जास्त वेळा उलटवू नये, असा नियम आहे. चौथ्या वेळी प्रचालक, म्हणजे खाती थांबवण्याचा अधिकार असलेला सदस्य, खाते थांबवू शकतो, आणि मजकूर कोणाचा बरोबर हे त्या क्षणी तो पाहत नाही, पाहण्याची त्याला गरजही नाही. दोन माणसे एकच वाक्य रात्रभर आलटून पालटून पुसत राहिली तर लेख वाचणाऱ्याला काहीच मिळत नाही, म्हणून आधी हात थांबवायचे आणि बोलणे लेखाला जोडलेल्या चर्चा पानावर न्यायचे, एवढाच त्यामागचा विचार आहे. त्यातच भारताशी संबंधित राजकीय विषय तिथल्या लवाद समितीने वादग्रस्त म्हणून वेगळे काढलेले असल्यामुळे तिथे प्रचालकांना जास्तीचे अधिकार मिळतात आणि ते लवकर वापरले जातात. आपल्याला थांबवणारा प्रचालक कदाचित कॅनडात किंवा पोलंडमध्ये बसलेला असेल आणि विलीनीकरण म्हणजे काय हे त्याला ठाऊकही नसेल. त्याने आपला इतिहास नाकारलेला नाही. त्याने फक्त लेखाच्या इतिहास पानावरची, म्हणजे कोणी कधी काय बदलले त्या नोंदींतली, उलटवणी मोजली.

आता मुख्य मुद्दा, आणि तो कदाचित आपल्याला बोचेल. जुने वाक्य चुकीचे होते यात मला तिळमात्र शंका नाही, पण त्या जागी आपण घातलेले वाक्यही ज्ञानकोशात टिकण्याजोगे नव्हते. त्यात दोन विधाने आहेत. पहिल्याला आधार मिळू शकतो, परंतु आपण तो दिला नाही. दुसरे विधान हे मत आहे आणि 'केवळ' या शब्दामुळे ते आणखी कच्चे झाले आहे, कारण अपप्रचाराखेरीज दुसरे कोणतेही कारण नव्हते हे सिद्ध करण्याची जबाबदारी आपण स्वतःवर ओढवून घेतली. निःपक्षपाती दृष्टिकोन हे विकिपीडियाचे मूळ धोरण आहे, आणि मी अनुभवातून त्याचा अर्थ असा लावतो की जिथे माणसांची मते वेगळी आहेत तिथे लेखाने स्वतः मत देऊ नये, मत कोणाचे आहे ते नावानिशी सांगावे, आणि जी गोष्ट दोन्ही बाजूंना मान्य आहे ती मात्र कोणाच्याही तोंडी न घालता सरळ लिहावी.

हे आपल्याच परिच्छेदावर करून पाहू. दोन्ही बाजूंना मान्य असलेले पुष्कळ आहे. संसदेने डिसेंबर १९६६ मध्ये जनमत कौलाचा कायदा केला. मुख्यमंत्री दयानंद बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि राष्ट्रपती राजवटीत १६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. महाराष्ट्रात विलीन व्हायचे असेल तर 'फूल' आणि संघप्रदेश (केंद्रशासित प्रदेश) राहायचे असेल तर 'दोन पाने' अशी चिन्हे होती. संघप्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१ आणि विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली, म्हणजे फरक ३४,०२१ मतांचा होता. मतपत्रिकेवर भाषेचा प्रश्न नव्हता, राजकीय भवितव्याचा होता. एवढे लिहिले की जुन्या वाक्याचा अर्धा पाया आपोआप निघून जातो, कारण कौल भाषेवर घेतलाच गेला नव्हता हे वाचकाला कोणीही न सांगता कळते.

उरलेल्या अर्ध्यासाठी मी आपल्याला एक पुरावा सुचवतो, जो गोव्याबाहेरच्या संपादकांना बहुतेक वेळा माहीत नसतो आणि माहीत झाला की चर्चेचा सूर बदलतो. विलीनीकरणाची बाजू 'गोमंतक' या मराठी दैनिकाने लढवली हे सर्वांना ठाऊक आहे. पण विलीनीकरणाच्या विरोधातली बाजू मडगावच्या 'राष्ट्रमत'ने लढवली, आणि 'राष्ट्रमत'ही मराठी दैनिकच होते. उदय भेंब्रे यांचे 'ब्रह्मास्त्र' हे गाजलेले सदर त्यातच येत असे. म्हणजे गोवा वेगळा राहावा हा युक्तिवाद हजारो गोमंतकीयांपर्यंत रोज सकाळी मराठीतून पोचत होता. जी भाषा कौलाच्या दोन्ही बाजूंना घराघरांत वाचली जात होती तिला बाहेरून आणलेली म्हणणे कठीण आहे, आणि त्याच वेळी 'मराठीवर प्रेम करणारा तो विलीनीकरणवादी' हे आपल्या बाजूचे समीकरणही तेवढेच कठीण आहे. सर, हा पुरावा दोन्हीकडे कापतो. तो वापरायचा असेल तर दोन्हीकडे कापू द्यावा लागेल.

मग त्या १,३८,१७० माणसांचे काय, हा प्रश्न आपल्या मनात असणार आणि माझ्याही मनात तो आहे. १६ जानेवारी 'अस्मिताय दीस' म्हणून साजरा होतो, त्यावर लेखन भरपूर होते, आणि हरलेली बाजू लेखांत फक्त एक आकडा होऊन राहते. विकिपीडियाच्या धोरणात प्रत्येक महत्त्वाच्या बाजूला तिच्या वजनाइतकी जागा द्यावी असे स्पष्ट म्हटले आहे, आणि वैध मतांपैकी जवळजवळ ४५ टक्के मते मिळवणारी बाजू कमी वजनाची नाही. तिला विलीनीकरण का हवे होते, कूळ-मुंडकारांना (दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यांना आणि दुसऱ्याच्या जागेत घर करून राहणाऱ्यांना), बहुजन समाजाला, मराठी शाळांतून शिकलेल्या पहिल्या पिढीला महाराष्ट्रात काय दिसत होते, हे लेखात यायलाच हवे. मात्र ते 'अपप्रचारामुळे हरलो' या तक्रारीतून येत नाही. त्या काळच्या नेत्यांची भाषणे, अग्रलेख आणि नंतरच्या अभ्यासकांचे विश्लेषण यांतून येते.

आणि इथेच आपले खरे दुखणे आहे. चर्चा पानावर गोव्याचा मराठी पक्ष पुन्हा पुन्हा हरताना मी पाहिला आहे, आणि दहापैकी नऊ वेळा त्याचे कारण कट नव्हता. कारण असे की समोरचा संपादक दोन मिनिटांत इंग्रजी पुस्तकाचा पृष्ठक्रमांक देतो आणि आपण म्हणतो, 'हे सर्वांना माहीत आहे.' आपला पुरावा आहे, पण तो कपाटात आहे. पणजीला पाटो येथील कृष्णदास शामा ग्रंथालयाचा वारसा १८३२ पासूनचा आहे. तिथे आणि गावोगावच्या जुन्या वाचनालयांत बांधून ठेवलेल्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे पाहायला जी माणसे येतात त्यांत मला आजवर पीएच.डी. करणारे भेटले, विकिपीडियावर भांडणारे क्वचितच भेटले.

तिथे बसून काय करायचे ते सांगतो. जानेवारी १९६७ च्या पहिल्या पंधरवड्याचे अंक मागवायचे. कागद पिवळा आणि ठिसूळ असतो, पान कोपऱ्यातून उचलले तर तुकडा हातात येतो, म्हणून खाली तळहात सरकवून पान उलटायचे. वहीत वर्तमानपत्राचे नाव, तारीख, पृष्ठ, मथळा आणि लेखकाचे नाव असल्यास ते, अशा पाच गोष्टी टिपायच्या आणि आपल्याला हवे ते एक वाक्य जसेच्या तसे उतरवायचे. विकिपीडियाला इंटरनेटवरचा दुवा लागतोच असे नाही, छापील संदर्भ तितकाच ग्राह्य आहे, आणि तो मराठीत असला तरी चालतो. कोणी विचारले तर मूळ वाक्य आणि त्याचे भाषांतर संदर्भात द्यावे लागते, म्हणून ते उतरवून आणायचे. एक सावधगिरी मात्र बाळगा: तेव्हाचे अग्रलेख 'अमुक दैनिकाची भूमिका अशी होती' यासाठी पुरावा आहेत, 'वस्तुस्थिती अशी होती' यासाठी नाहीत. वस्तुस्थितीसाठी नंतरच्या इतिहासकाराचे पुस्तक शोधावे. आपण स्वतः अंक वाचून काढलेला निष्कर्ष, तो कितीही अचूक असला तरी, तिथे घालता येत नाही, कारण अप्रकाशित संशोधनाला विकिपीडियावर जागा नाही. इतिहासाच्या शिक्षकाला हे जड जाते हे मी जाणतो. असा निष्कर्ष आधी एखाद्या नियतकालिकात छापून आणावा.

राजकीय हात आहे का, या आपल्या प्रश्नाचे उत्तर आपल्या प्रकरणापुरते 'मला तसे दिसत नाही' असे आहे, पण सर्वसाधारणपणे राजकीय हात नसतोच असे मी म्हणणार नाही. निवडणुकीच्या आधी आमदारांच्या लेखांत कोण काय करते ते इतिहास पानावर उघड दिसते. नवे खाते येते, एका रात्रीत एकाच नेत्याच्या लेखातून खटल्याचा उल्लेख काढते, विकासकामांची यादी घालते आणि पुन्हा कधीच दिसत नाही. पैसे घेऊन संपादन करणाऱ्याने ते जाहीर केलेच पाहिजे अशी अट २०१४ पासून वापराच्या अटींत आहे, पण ती पाळणारे थोडेच. शब्दांचे राजकारण तर फारच बारीक असते. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसचे १५ पैकी १० आणि सप्टेंबर २०२२ मध्ये ११ पैकी ८ आमदार भाजपमध्ये गेले, तेव्हा याला 'पक्षांतर' म्हणायचे की 'विलीनीकरण', हा वाद होणे अटळ होते, कारण राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टात दोन-तृतीयांश आमदारांच्या विलीनीकरणाला अपात्रतेतून सूट आहे आणि शब्द बदलला की कायदेशीर अर्थ बदलतो. गोव्यात 'विलीनीकरण' या शब्दाला पन्नास वर्षांनी असा दुसरा जन्म मिळाला. अशा ठिकाणी मी दोन्ही शब्द बाजूला ठेवून 'अमुक तारखेला इतक्या आमदारांनी पक्ष सोडून तमुक पक्षात प्रवेश केला, सभापतींनी त्याला विलीनीकरण मानले, विरोधकांनी त्याला पक्षांतर म्हटले' असे लिहितो.

१९६१ मध्ये गोव्यातली पोर्तुगीज सत्ता संपली, त्या प्रसंगाचे नावही याच जातीचे आहे, आणि आपण पुढे त्या लेखाकडे वळाल असे मला वाटते, म्हणून आधीच सांगून ठेवतो. आपल्यासाठी ती मुक्ती आहे, माझ्यासाठीही आहे. इंग्रजी लेखाचे शीर्षक मात्र सामिलीकरण या अर्थाच्या 'ॲनेक्सेशन' या शब्दावर उभे आहे आणि पोर्तुगीज लेखनात आक्रमण या अर्थाचा शब्द सर्रास सापडतो. इंग्रजी शब्द बदलायला जे तावातावाने जातात त्यांच्यासमोर सहसा आपल्याच सर्वोच्च न्यायालयाचा १९६९ चा निकाल ठेवला जातो. मोन्सेनोर मोंतेरो विरुद्ध गोवा राज्य या खटल्यात न्यायालयाने, भारताने गोवा जिंकून आपल्या प्रदेशात सामील करून घेतला आणि तेव्हाच लष्करी ताब्याची अवस्था संपली, अशी मांडणी केली आणि तोच इंग्रजी शब्द वापरला. तिथे तो शिवी म्हणून आलेला नाही, आंतरराष्ट्रीय कायद्यातली संज्ञा म्हणून आला आहे. हे माहीत असेल तर आपली शक्ती शीर्षकावर खर्च होत नाही. ती आतल्या मजकुरावर लावता येते: १८ डिसेंबर १९६१ रोजी सुरक्षा परिषदेत भारताविरुद्धच्या ठरावाला ७ मते मिळूनही तो सोव्हिएत नकाराधिकाराने पडला, ३१ डिसेंबर १९७४ च्या करारात खुद्द पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व मान्य केले, आणि गोमंतकीय स्वातंत्र्यसैनिकांचा लढा त्याआधी कित्येक वर्षे चालू होता, हे सगळे लेखात ठळक आहे का ते पाहावे. मराठी विकिपीडियावर 'मुक्ती' हाच शब्द नैसर्गिक आहे, कारण मराठीतली बहुतांश विश्वासार्ह पुस्तके तोच वापरतात. प्रत्येक भाषेचा विकिपीडिया स्वतंत्र आहे, एकावरचा निर्णय दुसऱ्यावर लागू होत नाही.

नावांची भांडणे कुठवर जातात याचे उदाहरण म्हणून ग्दान्स्क या पोलिश शहराचे प्रकरण पाहण्यासारखे आहे. पोलिश आणि जर्मन बाजूंचे संपादक पुन्हा पुन्हा नाव बदलत राहिल्यावर २००५ मध्ये मतदान घ्यावे लागले आणि १३०८ ते १९४५ या काळासाठी 'डान्झिग', त्याच्या आधी आणि नंतर 'ग्दान्स्क', असे काळानुसार ठरले. कोणाचेच पूर्ण समाधान झाले नाही, पण रोजचे युद्ध बरेच थांबले. आपल्याकडे म्हादई, महादायी आणि मांडवी या एकाच नदीच्या नावांबाबत असाच सांधा काढता येतो. लिपीबाबत तर इंग्रजी विकिपीडियाने तोडगा काढला तो फारच कडक: कोणती भारतीय लिपी आधी लिहायची यावरून इतकी भांडणे झाली की २०१२ पासून भारतीय विषयांच्या लेखांच्या प्रस्तावनेत सहसा भारतीय लिपी द्यायचीच नाही असे ठरले. कोकणी देवनागरी, रोमी आणि कन्नड अशा लिप्यांत लिहिली जात असल्यामुळे गोव्याच्या लेखांना हा नियम उपकारक ठरला, असे माझे मत आहे.

राजभाषेच्या वाक्यात मराठी मंडळी हमखास घसरतात, म्हणून तेही इथेच. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी लिपीतील कोकणीला राजभाषा केले आणि मराठीचाही सर्व किंवा कोणत्याही शासकीय कामासाठी वापर करता येईल अशी तरतूद केली. 'मराठी ही गोव्याची सहराजभाषा आहे' असे लिहिले की समोरचा कायदा उघडून दाखवतो, कारण तो शब्द कायद्यात नाही. 'मराठीला कोणताही दर्जा नाही' असे समोरच्याने लिहिले की आपण तोच कायदा उघडून दाखवायचा. तरतूद जशी आहे तशी लिहिली की दोघांचेही हात थांबतात.

दहा-बारा जणांना घेऊन जाण्याचा विचार कृपया सोडून द्या. बाहेरून माणसे गोळा करून एका बाजूला आणणे तिथे नियमबाह्य आहे. एकाच दिवशी उघडलेली, एकच वाक्य घालणारी दहा खाती एकाच माणसाची आहेत असे धरले जाते, तपासणीचा अधिकार असलेले सदस्य अंकपत्ते (आयपी ॲड्रेस) पडताळतात, आणि मग आपला चांगला पुरावाही त्या खात्यांबरोबर वाहून जातो. झुंडीने ज्ञानकोश जिंकता येतो, हे खरे आहे. क्रोएशियन विकिपीडिया कित्येक वर्षे मोजक्या कट्टर प्रचालकांच्या ताब्यात होता, दुसऱ्या महायुद्धातल्या क्रोएशियाच्या फॅसिस्ट उस्ताशा राजवटीचे अत्याचार तिथे सौम्य करून लिहिले जात होते, आणि २०१३ मध्ये त्यांच्या शिक्षणमंत्र्यांनाच विद्यार्थ्यांना तो वापरू नका असे सांगावे लागले. लहान विकिपीडियांवर पहारा देणारी माणसे थोडी असतात. मराठीवरही थोडी आहेत आणि कोकणीवर त्याहून थोडी. आपल्या मंडळातल्या दहा-बारा जणांनी मराठी विकिपीडियावर गोव्याच्या देवळांवर, नाटकमंडळ्यांवर, वाचनालयांवर संदर्भासह लिहायला घेतले, चावडीवर (तिथल्या सामाईक चर्चेच्या पानावर) येऊन ओळख दिली, तर मी त्यांच्यासोबत धूळपाटीपासून (सरावाच्या पानापासून) बसायला तयार आहे.

सरकार आणि न्यायालयाविषयी माझे मत ठाम आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांवरील इंग्रजी लेखावरून महाराष्ट्र सायबर पोलिसांनी मजकूर हटवण्याची नोटीस दिली आणि काही संपादकांवर गुन्हा नोंदवला. लोकांच्या भावना दुखावल्या होत्या हे मी समजू शकतो, परंतु त्यानंतर मराठ्यांच्या इतिहासावर विनामूल्य लिहिणारी जाणती माणसे बिचकली, आणि त्यात तोटा त्या विषयाचाच झाला. एएनआय वृत्तसंस्थेने २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात केलेल्या बदनामीच्या दाव्यात संपादकांची ओळख उघड करण्याची मागणी झाली, खटल्यावरचा लेखच काढून टाकण्याचा आदेश झाला आणि तो ९ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला. बदनामी झालेल्या जिवंत व्यक्तीची गोष्ट निराळी आहे. तिच्याविषयीचा बिनसंदर्भ बदनामीकारक मजकूर विकिपीडियाच्या स्वतःच्या धोरणानुसार ताबडतोब काढायचा असतो, आणि तसे काढताना तीन वेळांची मर्यादाही लागत नाही. आपला वाद साठ वर्षांपूर्वीच्या मतदानावरच्या एका परिच्छेदाचा आहे. त्यासाठी पोलिसांकडे जाऊ नका.

ब्लॉक उठला की लेखाला हात न लावता चर्चा पानावर जा आणि, इंग्रजीत, साधारण असे लिहा: "मी काल चार वेळा मजकूर उलटवला, ती माझी चूक होती. सध्याच्या वाक्याला संदर्भ नाही. त्याऐवजी पुढील मजकूर सुचवतो: १६ जानेवारी १९६७ च्या कौलात गोवा महाराष्ट्रात विलीन करावा की संघप्रदेश राहावा हा प्रश्न होता. दोन्ही बाजूंचा प्रचार मराठी वृत्तपत्रांतूनही झाला. 'गोमंतक'ने विलीनीकरणाचा आणि 'राष्ट्रमत'ने संघप्रदेशाचा पुरस्कार केला. संदर्भ खाली देत आहे. हरकत असल्यास कृपया कारणासह सांगावी." खाली आपल्या वहीतल्या नोंदी द्या, सही करा आणि सात दिवस थांबा. कोणी उत्तर दिले नाही तर मजकूर घाला. कोणी विरोध केला तर त्याचा मुद्दा शांतपणे दोनदा वाचा, आणि तरीही अडले तर त्या पानाचा दुवा मला पाठवा. पाटोच्या ग्रंथालयात जायचे असेल तर शनिवारी सकाळी मी म्हापशाहून निघतो, बसस्टँडवर भेटू.